‘आमचे आबा फोनवर काय बोलणार?’

‘आबा आमच्याशीच बोलत नाहीत, मग फोनवर अनोळखी माणसाशी काय बोलणार?’ प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) कॅन्सरचे उपचार झालेल्या माणसांचं मी फोनवरून समुपदेशन करते, आणि त्यांची मुलं मला हे हमखास विचारतात. मुलं पुण्यात नोकरीला, वडील लातूर, बीड नाहीतर धाराशिवच्या गावी. माझा अनुभव असा आहे की आबा बोलतात. आपण सुरुवात कुठून करतो, त्यावर सगळं ठरतं.

औसा तालुक्यातले एक शेतकरी, वय पासष्टीच्या पुढे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुंबईत ऑपरेशन होऊन प्रोस्टेट ग्रंथी काढली, त्याला काही महिने झाले होते. पारावर बसणं बंद, भजन बंद, एसटीत चढायला नकार, बायकोवर सारखं खेकसणं. मुलीने समुपदेशनाचा विषय काढला तर ‘मी काय येडा झालोय का?’ म्हणून फोन ठेवून दिला.

पहिल्या फोनला मी मनाबद्दल काहीच विचारलं नाही. ‘आबा, लघवी अजून थेंबथेंब गळते का? दिवसात किती वेळा कपडे बदलावे लागतात?’ एवढंच विचारलं. जरा थांबून म्हणाले, ‘ताई, मी पाणीच पीत न्हाई. तांब्याभर बी जात न्हाई दिवसाला.’ एप्रिलच्या उन्हात! धोतर ओलं दिसेल, वास येईल, कपडे धुणाऱ्या सुनेला कळेल, ही धास्ती. या ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा काही काळ जातो आणि बहुतेकांना तो काही महिन्यांत, कधी वर्षभरात, बराचसा परत येतो, हे त्यांना नीट कुणी सांगितलंच नव्हतं. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाची जळजळ होते, घाई आणखी वाढते. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते आवळून धरायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. हे समजावून सांगण्यातच तो पहिला फोन गेला, आणि पुढचा फोन त्यांनी स्वतःहून मागितला.

फोनवरून आधार द्यायचा तर फोन कुणाचा आहे, हे आधी विचारावं लागतं. आबांचा फोन संध्याकाळी नातवाच्या हातात असायचा. स्क्रीनवर आजाराचं नाव झळकलं असतं तर आबा कायमचे तुटले असते. म्हणून मेसेजमध्ये आजाराचा शब्द नाही, व्हिडिओ नाही, लांबलचक प्रश्नावली नाही. चार-पाच मिनिटांच्या व्हॉइस नोट, त्याही ते शेतात एकटे असताना. विहिरीजवळ रेंज येते म्हणून तीच जागा ठरली. ऐकून झाल्यावर नोट पुसायची, हेही त्यांना शिकवलं.

सगळ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला तर आपल्याकडे कुणी तोंड उघडणार नाही. मी दोघांची जोडी जमवते. आबांना हिंगोलीकडचे एक निवृत्त शिक्षक जोडून दिले. त्याच ऑपरेशनमधून गेलेले, पण गाव लांब, नातं ना सोयरिक. ऑस्ट्रेलियात अशा रुग्णांसाठी ऑनलाइन कार्यक्रम करून पाहिला, तेव्हा स्वतः करायच्या धड्यांना रुग्णांच्या आपसातल्या गप्पांची जोड मिळाली तिथे मनाचा ताण जास्त उतरला. आबांनी गुरुजींना विचारलं, ते मला कधीच विचारलं नसतं: ‘बायकोजवळ जाता येतं का हो परत?’ ताठरपणा जातो तो ऑपरेशनमध्ये नसांना इजा होते म्हणून. काहींचा हळूहळू परततो, काहींना औषधांचा उपयोग होतो. पुरुषी हार्मोन कमी करणारी इंजेक्शनं चालू असलेल्यांची तर इच्छाच मंदावते, अंगातून वाफा निघतात, चिडचिड वाढते. हे औषधाचे परिणाम आहेत, यात पुरुषार्थ कमी होण्याचा प्रश्न येतो कुठे?

एक प्रश्न मात्र मी रेकॉर्डिंगवर कधीच सोडत नाही, स्वतः फोन करून विचारते: ‘आबा, आपण संपलेलं बरं, असं मनात येतं का?’ विचारल्याने ते मनात भरत नाही. आबा म्हणाले, ‘येऊन गेलं दोन-तीनदा.’ त्यांच्या होकारानेच त्यांच्या भावाला सांगितलं, घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी भावाकडे कुलपात गेली, आणि भावाचा नंबर माझ्याकडे आला. मी फोनवर नसेन तेव्हासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर दिला. तिथे दिवसरात्र मराठीत बोलता येतं. गावात हाक मारता येईल असा एक माणूस माहीत नसेल, तर मी कुणाचंही फोनवरचं समुपदेशन सुरूच करत नाही.

पीएसए तपासणीच्या (कॅन्सर परतला का हे पाहणारी रक्ततपासणी) आधीचा आठवडा सगळ्यात वाईट जातो. झोप उडते, बारीकसारीक दुखणंही कॅन्सर वाटतं. त्यामुळे माझे फोन वारावर ठरत नाहीत, तपासणीच्या तारखेवर ठरतात. त्या आठवड्यात दोन, एरवी एक.

तेव्हा वडिलांना ‘मन मोकळं करा’ म्हणू नका. ‘लघवीच्या त्रासावर माहिती देणाऱ्या एक ताई आहेत, शेतात असताना फोन करतील’, एवढंच सांगा, आणि त्यांचा फोन संध्याकाळी कुणाच्या हातात असतो ते मला कळवा. आईचा नंबरही द्या. तिच्याशी मी वेगळी बोलते. तिने केलेली जागरणं आणि झेललेली चिडचिड घरात कुणी विचारलेली नसते.