फ्ल्यूच्या विषाणूला ट्रिप्सिन कशासाठी?

प्रश्न : विषाणू पेशीचीच एन्झाइमं वापरून वाढतो, असं आम्ही शिकतो. मग एमडीसीके पेशींवर फ्ल्यूचा विषाणू वाढवताना बाहेरून ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं एन्झाइम) का घालावं लागतं? घालूनही आमचा टायटर (माध्यमातलं विषाणूचं प्रमाण) वाढत नाही. आणि पेशीचं असं एन्झाइमच बंद करून औषध होऊ शकेल का?
– एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : तुम्ही शिकलात ते बरोबरच आहे, फक्त हवं ते एन्झाइम प्रत्येक पेशीत पुरेसं असतंच असं नाही. विषाणूच्या पृष्ठभागावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आधी अखंड तयार होतं. त्याचे दोन तुकडे झाल्याशिवाय विषाणूचं आवरण पेशीच्या पटलाशी एकजीव होत नाही आणि जनुकं आत सुटत नाहीत. माणसाच्या श्वसनमार्गात हे कापण्याचं काम मुख्यतः टीएमपीआरएसएस-२ हे पेशीचं एन्झाइम करतं. एमडीसीके पेशी कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या. तिथे अशी एन्झाइमं तोकडी पडतात. म्हणून पहिली फेरी होते, पण तिच्यातून निघालेली नवी पिढी पुढच्या पेशीत शिरू शकत नाही. तो काप देण्यासाठीच बाहेरून ट्रिप्सिन घालायचं.

टायटर अडला की पहिला संशय सीरमवर घ्या. पेशी वाढवताना घातलेल्या १० टक्के सीरममध्ये (रक्तद्रवात) ट्रिप्सिनला निष्प्रभ करणारी प्रथिनं असतात. विषाणू घालण्याआधी पेशींचा थर सीरमविरहित माध्यमाने निदान दोनदा धुवा. तासभर विषाणू चिकटू द्या. मग ०.२ टक्के बोव्हाइन अल्ब्युमिन आणि दर मिलिलिटरला १ ते २ मायक्रोग्रॅम टीपीसीके-ट्रिप्सिन (टीपीसीके या रसायनाने त्यातलं कायमोट्रिप्सिन हे दुसरं एन्झाइम निष्क्रिय केलेलं) असलेलं माध्यम घाला आणि फ्लास्क ३५ अंशांवर ठेवा. टीपीसीके प्रक्रिया केलेलंच घ्या; साध्या ट्रिप्सिनमधला कायमोट्रिप्सिनचा अंश नको तिथे काप देतो. साठा लहान लहान भागांत उणे २० अंशांवर ठेवा, कारण वितळलेलं ट्रिप्सिन स्वतःलाच पचवतं. आपल्याकडे फ्ल्यूचे नमुने वाढतात ते ऐन पावसाळ्यात. त्या दमट उकाड्यात टेबलावर तासन्‌तास राहिलेली कुपी सरळ टाकून द्या.

ट्रिप्सिन जास्त झालं तर पेशी दुसऱ्याच दिवशी सुटून तरंगू लागतात आणि विषाणूनेच मारल्या असं वाटतं. विषाणू न घातलेला, पण ट्रिप्सिन असलेला एक फ्लास्क शेजारी हवाच. त्याच्याशिवाय निकाल वाचूच नये.

अतिघातक एच५ बर्ड फ्ल्यूला मात्र ट्रिप्सिन लागत नाही. त्याच्या कापाच्या जागी आम्लारीधर्मी अमिनो आम्लांची रांग असते आणि ती फ्युरिन हे पेशीतलं एन्झाइम कापतं. फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत असतं, म्हणून कोंबडीत हा विषाणू श्वसनमार्गापुरता न राहता सर्वांगात पसरतो.

औषधाची दिशा योग्य आहे. टीएमपीआरएसएस-२ नसलेले उंदीर निरोगी असतात आणि एच१एन१ या फ्ल्यूच्या प्रकाराने फारसे आजारी पडत नाहीत. अडचण एच३एन२ या दुसऱ्या प्रकाराची : त्याचे बरेच उपप्रकार दुसऱ्या एन्झाइमांवरही भागवतात. एकच एन्झाइम रोखणाऱ्या औषधावर सगळी भिस्त ठेवता येत नाही ती यामुळे.