गॅपमध्ये काय केलंस?

"मॅडम, नोकरीत चौदा महिन्यांचा गॅप आहे. मामाच्या फर्मचं एक्सपिरियन्स लेटर जोडू का?"

मुलगा कोल्हापूरकडचा, मेकॅनिकल इंजिनिअर (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, मग वडिलांची बायपास झाली म्हणून राजीनामा देऊन घरी. कॅटला, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेला, ९६ पर्सेंटाइल, नव्या आयआयएम मिळून घेतात त्या मुलाखतीचा कॉल हातात, आणि झोप उडालेली.

लेटरचा विषय दोन मिनिटांत संपवला. कागदपत्रं तपासतात, आणि खोटं नंतर उघडकीस आलं तरी प्रवेश जातो. शिवाय कॉल आला म्हणजे अर्ज चाळणीतून पार झालेला. कॅटचा स्कोअर, दहावी-बारावी-पदवीचे गुण, नोकरीचे महिने, असं त्या चाळणीचं सूत्र संस्था जाहीर करतात. नोकरीला गुण असतात. गॅपचे गुण कापणारा रकाना मी तरी पाहिलेला नाही. (राज्याच्या सीईटीतून एमबीएला जाणाऱ्यांना ही मुलाखतीची धाकधूकच नाही, तिथे पर्सेंटाइलवर यादी लागते.)

पुढची चूक माझी. "कौटुंबिक जबाबदारीमुळे थांबलो" असं गुळगुळीत उत्तर मी त्याला बसवून दिलं. सराव मुलाखतीत माझ्या सहकाऱ्याने विचारलं, "म्हणजे नेमकं काय केलंत?" पोरगा गप्प.

नंतर चहा पिताना मी पुन्हा विचारलं. "काही नाही मॅडम, गुऱ्हाळ बघत होतो."

आणि मग तो थांबेना. टनभर उसाला साधारण शंभर किलो गूळ पडतो. पावसाने चिपाड (रस काढून उरलेला ऊस) भिजलं की चुलवाण पेटत नाही, आधण (कढईतला रस उकळणं) लांबतं. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, दुसऱ्याने पळवला तर हंगाम बसला. सगळा माल अडत्याकडे न घालता त्याने एक किलोचे रवे (गुळाच्या छोट्या ढेपा) करून पुण्यातल्या दुकानांना दिले. पहिला लॉट पावसाळ्यात पाघळला, पैसे बुडाले. दुसऱ्या वेळी पॅकिंग बदललं.

"हे सांगायचं नव्हतं?" मी विचारलं.

"हे काय सांगायचं? घरचंच काम."

पाठ केलेलं उत्तर आम्ही फेकून दिलं. नवीन काही बसवलं नाही. फक्त हिशेबाची वही घेऊन दोनदा बसलो.

मुलाखतीत समोर दोन प्राध्यापक होते. पहिलाच प्रश्न गॅपचा, आणि उरलेला बहुतेक वेळ गुळात गेला. किलोमागे खर्च किती, कागदावर मांडा, म्हणाले. त्याने मांडला, वाहतूक विसरला, मध्येच स्वतःच्या लक्षात आलं, खोडून दुरुस्त केलं. बाहेर येऊन फोनवर रडवेला झाला होता, "हिशेब चुकला." मला मात्र तेव्हाच बरं वाटलं. त्याचे गुण पॅनेलला अर्जात दिसत होतेच. चूक सापडल्यावर हा माणूस काय करतो, ते समोर बसल्याशिवाय दिसत नाही.

प्रतीक्षा यादीतून जूनमध्ये नाव लागलं. वडील पेढे घेऊन आले, सोबत गुळाचा एक किलोचा रवा. मुलाकडे बघून म्हणाले, "दोन प्रोफेसरांना सांगितलं तेवढं गुऱ्हाळाबद्दल ह्यानं मला कधी सांगितलं न्हाई."