वाचकांची विचारणा : एसटीची सवय आणि शहराची बस

प्रश्न : माझी मुलगी यंदापासून पुण्यात शिकते आहे. मी एक-दोन महिन्यांनी रेणापूरहून तिच्याकडे जाते. एसटीने स्वारगेटपर्यंत एकटीने जाण्याची मला भीती वाटत नाही. परंतु तिथून पुढे शहराच्या बसमध्ये पाऊल ठेवण्याचा धीर होत नाही. एकदा बसले, तर गाडी भलत्याच दिशेला निघाली. तेव्हापासून रिक्षा करते. मात्र तो खर्च दर वेळी झेपत नाही. शहराची बस नेमकी कशी वापरावी?
— एक भगिनी, तालुका रेणापूर, जिल्हा लातूर

उत्तर : ताई, तीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास आपण एकटीने करता, वाटेतल्या थांब्यावर चहा घेऊन गाडी सुटण्याआधी जागेवर परतता आणि पहाटेच्या अंधारात अनोळखी शहरात उतरता. ज्या बाईला हे सारे साधते, तिला शहराची बस अवघड जाण्याचे कारण नाही. अडचण एवढीच आहे की एसटीने आपल्याला लावलेल्या सवयींपैकी काही शहरातही उपयोगी पडतात आणि काही बाजूला ठेवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे एकदा समजले की धीर आपोआप येईल.

सर्वांत मोठा फरक दिशेचा आहे. एसटी स्थानकात फलाटावर गावाचे नाव असते, चौकशीची खिडकी असते आणि गाडी सुटण्याआधी वाहक खाली उभे राहून गावांची नावे पुकारतात. शहरात मात्र एकाच क्रमांकाच्या गाड्या दोन्ही दिशांनी धावतात आणि थांब्यावर जेमतेम काही क्षण उभ्या राहतात. म्हणून केवळ क्रमांक पाहून चढू नये. त्याच्या शेजारी दिसणारे नाव वाचावे, कारण ते नाव म्हणजे ती गाडी शेवटी जिथे पोहोचणार आहे ते ठिकाण होय. गाडी आल्यावर ‘ही डेक्कनला जाते का?’ असे विचारण्यापेक्षा, गाडी येण्याच्या आधीच थांब्यावरच्या एखाद्या नेहमीच्या प्रवाशाला ‘डेक्कनला जाण्यासाठी याच बाजूला उभे राहायचे की समोरच्या?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला घाईत चुकीचे उत्तर मिळू शकते, कारण तो मार्ग डेक्कनवरून जात असतो, पण समोर उभी असलेली गाडी कदाचित तिकडूनच आलेली असते. आपली गाडी उलट दिशेला निघाली, त्याचे कारणही बहुधा हेच असावे.

पुण्यात याला आणखी एक पदर आहे. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन महाविद्यालय रस्ता हे दोन्ही एकेरी वाहतुकीचे आहेत. शिवाजीनगरकडून डेक्कनकडे येणाऱ्या गाड्या जंगली महाराज रस्त्याने येतात, तर डेक्कनकडून विद्यापीठाच्या बाजूला जाणाऱ्या फर्ग्युसन रस्त्याने जातात. त्यामुळे जिथे उतरलो त्याच्या समोरच्या बाजूला परतीची गाडी मिळेल, हा एसटीच्या फाट्यावरचा हिशेब तिथे चालत नाही. परतीचा थांबा पलीकडच्या रस्त्यावर असतो. मुलीच्या वसतिगृहाजवळचा जाण्याचा थांबा आणि येण्याचा थांबा असे दोन्ही थांबे दिवसाउजेडी पायी जाऊन पाहून ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. संपूर्ण शहर समजून घेण्याची घाई करू नये. स्वारगेट ते वसतिगृह हा एकच मार्ग पक्का करावा. मग त्यावरचे मोठे थांबे ओळखीचे होतात आणि तिथून फुटणाऱ्या वाटाही हळूहळू कळू लागतात. अनेक गाड्यांच्या पाटीवर ‘मनपा’ असे लिहिलेले असते; ती गाडी शिवाजीनगरजवळच्या महानगरपालिका भवनापाशी जाते आणि तिथून शहराच्या बहुतेक भागांत जाणाऱ्या गाड्या मिळतात.

स्वारगेट ते कात्रज या रस्त्यावर २००६ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. अशा मार्गिकेचे थांबे रस्त्याच्या मधोमध असतात. तिथे कडेला उभे राहून हात दाखवण्यात अर्थ नसतो आणि गाडी दिसली म्हणून वाहनांच्या गर्दीतून धावणे तर जिवावर बेतू शकते; सिग्नल पाहून, पांढऱ्या पट्ट्यांवरूनच थांब्यापर्यंत जावे. एक गाडी गेली तर दुसरी येते. दिवसातून दोन-तीनच गाड्या येणाऱ्या आपल्याकडच्या गावांत वाढलेल्या माणसाला याची सवय व्हायला वेळ लागतो, हे मी जाणतो; तरीही धावत्या गाडीला लोंबकळू नये.

कोणत्या दाराने चढायचे, हे शहरागणिक आणि गाडीगणिक बदलते. दारावर सूचना लिहिलेली असल्यास ती पाहावी, नसल्यास रांगेतले लोक कुठे वळतात ते पाहावे. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत शहरात कोणी मानत नाही. पुण्याच्या गाड्यांत डावीकडची आसने महिलांसाठी राखीव असतात. तिथे पुरुष बसलेला असल्यास आपण ‘दादा, ही महिलांची जागा आहे’ असे निःसंकोच म्हणावे, त्यात भांडणाचे काही नाही. खास महिलांसाठी ‘तेजस्विनी’ नावाच्या गाड्याही ८ मार्च २०१८ पासून सुरू झाल्या. मार्गावर ती मिळाली तर अवश्य बसावे.

तिकिटासाठी सुटे पैसे मुठीत ठेवावेत आणि पर्स गर्दीत उघडू नये. १ जून २०२५ पासून पुण्यात किमान भाडे १० रुपये आहे आणि महापालिकेच्या हद्दीतला दिवसभराचा पास ७० रुपयांना मिळतो. दिवसात चार-पाच वेळा चढउतार होणार असेल, तरच पास घेणे फायद्याचे ठरते. तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवावे, कारण तपासनीस वाटेत कुठेही चढू शकतात. तिकीट घेतानाच ‘माझा थांबा आला की सांगाल का?’ असे वाहकांना विनवावे. परंतु गर्दीत त्यांना आठवण राहीलच असे नाही, म्हणून आपल्या आधीच्या दोन थांब्यांची नावे ठाऊक असावीत आणि त्यांतला पहिला आला की उठून दाराकडे सरकावे. एका घंटेला गाडी थांबते आणि दोन घंटांना निघते, हे आपल्याला एसटीमुळे माहीत आहेच.

राहिला सामानाचा प्रश्न. मुलीसाठी ज्वारीचे पीठ, शेंगांची चटणी, लोणच्याची बरणी असे पोतेभर सामान असेल, त्या दिवशी मात्र रिक्षाच करावी आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये. सकाळी कार्यालये आणि महाविद्यालये भरण्याच्या वेळी जड पिशव्या घेऊन शहराच्या बसमध्ये चढणे आपल्यालाही त्रासाचे आणि इतरांनाही. परतताना हात मोकळे असतात. पहिला सराव त्या प्रवासात करावा. त्याआधी एखाद्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरला जाणे झाले, तर सिडको बसस्थानकापासून पुढे तिथल्या शहर बसनेच जाऊन पाहावे. ते शहर आपल्या ओळखीचे, बोली आपली. चुकले तरी विचारायला जीभ अडखळत नाही.

प्रश्न : माझे वय ७६ आहे. एसटीत मला तिकीट लागत नाही. मुंबईला मुलाकडे गेल्यावर बेस्टच्या बसमध्ये हीच सवलत चालेल का? पत्नीलाही एसटीत अर्धे तिकीट आहे.
— एक ज्येष्ठ वाचक, हिंगोली

उत्तर : नाही. ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ मध्ये आणि महिलांना निम्मे भाडे मार्च २०२३ मध्ये लागू झाले. या दोन्ही योजना एसटी महामंडळाच्या गाड्यांपुरत्या आहेत. बेस्ट किंवा पुण्याची पीएमपी या वेगळ्या संस्था असून त्यांच्या गाड्यांत आपण दोघांनीही तिकीट घ्यावे. मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे साध्या गाडीसाठी १० रुपये आणि वातानुकूलित गाडीसाठी १२ रुपये आहे. फार दिवस राहणार असाल, तर आधार कार्ड घेऊन जवळच्या आगारात ज्येष्ठांच्या पासची चौकशी करावी. ज्येष्ठांसाठी राखीव असलेली आसने मागून घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. गुडघे दुखत असतील, तर सकाळी अकरानंतर आणि दुपारी चारच्या आत घराबाहेर पडावे, कारण त्या वेळात बसायला जागा मिळण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्न : थांब्यावर उभे असूनही गाडी न थांबता निघून गेली, तर तक्रार कशी करावी?
— एक विद्यार्थी, जालना

उत्तर : गाडीचा नोंदणी क्रमांक, मार्ग क्रमांक, थांब्याचे नाव आणि वेळ या चार गोष्टी तिथेच उभ्या उभ्या लिहून घ्याव्यात आणि त्याच दिवशी त्या सेवेच्या तक्रार कक्षाकडे किंवा आगारप्रमुखांकडे लेखी पाठवाव्यात. ‘गाड्या थांबतच नाहीत’ एवढेच लिहिले, तर त्या तक्रारीवरून कोणती गाडी आणि कोणता चालक हे शोधता येत नाही. तसेच थांब्याच्या आडोशाला न थांबता चालकाला दिसेल असे उभे राहून वेळीच हात दाखवावा, कारण एका थांब्यावर अनेक मार्गांच्या गाड्या येतात आणि आपल्याला नेमकी कोणती हवी आहे, हे त्याशिवाय चालकाला कळत नाही.