टर्बो घेण्याआधी गाडी कुठे दमते ते बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझीच जुनी गाडी आठवली. सहा सिलिंडर, सहा लिटर, डिझेलचा साधा मेकॅनिकल पंप. तुम्ही लिहिलंय, गाडी माल भरून चढाला लागली की ओढत नाही, आणि फिटर म्हणतो, 'मोठा टर्बो टाकू, पंपाचं डिझेल वाढवू.' मलाही अगदी हेच सांगितलं होतं. एक्झॉस्टच्या वायूने टर्बाइन फिरतं आणि त्याला जोडलेला कॉम्प्रेसर इंजिनात जादा हवा कोंबतो, एवढं टर्बोचं तुम्हाला ठाऊक असणार; बाकी सोडून देतो.

मी टर्बो निवडला तो कमाल हॉर्सपॉवरच्या आकड्यावर. ही एक चूक मला हेड आणि दोन पिस्टनला पडली. विकणाऱ्याकडे (नाव घेत नाही) तीनदा कॉम्प्रेसर मॅप (किती दाबाला किती हवा नीट देतो त्याचा आलेख) मागितला. तिन्ही वेळा एकच उत्तर: 'त्याची गरज नाही, हा 400 हॉर्सपॉवरचा आहे.' अहो, पण किती आरपीएमला? माझी गाडी लोड घेऊन चढते 1500 ते 1800 वर, आणि तो टर्बो 2300 च्या पुढे जागा व्हायचा. म्हणजे खाली हवा अपुरी आणि डिझेल मात्र वाढवलेलं. धूर काळाकुट्ट. मॅप न देणाऱ्याकडून टर्बो घेऊच नये, असं माझं आता ठाम मत आहे.

बरं, एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा होता माझ्याकडे. पण त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) बसवला होता टर्बोच्या नंतरच्या पाइपात. टर्बाइनमधून जाताना वायू लोडवर शंभर-दोनशे अंश थंड होतो. काटा 560 दाखवायचा आणि मी निर्धास्त ॲक्सिलेटर दाबून चढ काढायचो. हेड उतरवलं तेव्हा चौथ्या पिस्टनच्या वाटीची कड मेणासारखी ओघळलेली होती, नोझलच्या फवाऱ्याच्या बरोबर समोर. शेजारच्या पिस्टनला कडेपासून चीर. प्रोब एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच, टर्बोच्या आधी बसवा. तिथे 700 अंशांच्या आसपास काटा टेकू लागला की पाय काढायचा, खालचा गिअर टाकायचा.

आता निवडीचं. आकडेमोड कागदावर होते. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत आपल्या मापाची हवा घेतं. सहा लिटरचं इंजिन 1600 आरपीएमला, भरण 90 टक्के धरून, बूस्टशिवाय (टर्बोने चढवलेल्या जादा दाबाशिवाय) मिनिटाला साधारण 5 किलो हवा ओढतं. 1.2 बार बूस्ट आणि चांगला इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा) असेल तर घनता जवळपास 1.9 पट, म्हणजे पावणेदहा किलो. हाच हिशेब 2400 ला साडेचौदा किलोवर जातो. हे दोन बिंदू 2.2 प्रेशर रेशोवर (बाहेरच्या हवेचा 1 बार अधिक बूस्टचा 1.2) मॅपमध्ये मांडा. खालचा बिंदू सर्ज रेषेच्या (जिच्या डावीकडे हवा कमी पडून उलटी फिरते) उजवीकडे, थोडं अंतर राखून हवा. वरचा चोक बाजूला (जिथे कॉम्प्रेसर आणखी हवा देऊच शकत नाही) न जाता 70 टक्के कार्यक्षमतेच्या आसपास. एक भाग डिझेलला 20 भाग हवा धरली तर वरच्या बिंदूला 280 च्या आसपास हॉर्सपॉवर निघतात. मालाच्या गाडीला एवढे भरपूर झाले. ताकद येते डिझेल जळून. टर्बो फक्त ते जळायला हवा पुरवतो.

आणि नुसता कॉम्प्रेसर बघू नका. टर्बाइन हाउसिंग (टर्बाइनभोवतीचं कवच) लहान असेल तर बूस्ट लवकर येतो, पण वरच्या आरपीएमला इंजिनाचा श्वास कोंडतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब बूस्टच्या दीडपटीपुढे जायला लागला की हाउसिंग फारच लहान आहे असं मी धरतो. मी शेवटी मूळ टर्बोपेक्षा एकच माप मोठा कॉम्प्रेसर घेतला, हाउसिंग लहान, वेस्टगेटसह (जादा एक्झॉस्ट टर्बाइनच्या बाजूने सोडून देणारी झडप), आणि पंपाचं वाढवलेलं डिझेल निम्मं परत कमी करून घेतलं. चढावर एक गिअर वर चालते आता.

मी इंजिनिअर नाही, गाडीमालक आहे. तुमची गाडी कॉमन रेल (डिझेलचा फवारा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सोडणारी) किंवा व्हीजीटीची (पाती हलवून टर्बो कमीजास्त करणारी) असेल तर यातलं बरंचसं बदलतं, ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) काम जाणणाऱ्यालाच विचारा. वॉरंटी, विमा आणि प्रदूषणाचे नियमही आधी बघून घ्या.

हो, खर्च करण्याआधी इंटरकूलरचे होज सोडून आतून बघा. क्लिपखाली बारीक भेग असते, बूस्ट चढला की उघडते आणि बंद गाडीत दिसतच नाही. थोडा दाब भरून साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. आणि जुना टर्बो फुटून गेला असेल तर इंटरकूलर धुतल्याशिवाय नवा जोडू नका; आत अडकलेले पात्यांचे तुकडे आणि तेल थेट इंजिनात जातात.