डबल कॅब पिकअप घेतली आहे. बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन कच्च्या वाटांनी कॅम्पिंगला जायचं आहे. यादी केली आहे, त्यातलं आधी काय काय बसवून घेऊ?

तुमची यादी अशी आहे: छतावरचा तंबू, स्टीलचा बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), गाडी दोन इंच उंच करणारी लिफ्ट, लाइट बार आणि हौद्यात ड्रॉवर. मुलं सात आणि चार वर्षांची. यादी वाचतानाच माझ्या डोक्यात किलोंचा हिशेब सुरू झाला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते. तिथे नसेल तर मॅन्युअलमध्ये बघा. गाडी भरून जास्तीत जास्त किती वजनाची चालेल तो आकडा आणि रिकाम्या गाडीचं वजन, यांतला फरक म्हणजे पेलोड. त्यात हौद्यातलं सामान तर आलंच, पण माणसं, कॅनोपी (हौद्यावर बसवायचं बंद टप), बंपर, मुलांच्या सीटा हेही सगळं त्यातच बसवायचं असतं. समजा ते ७०० किलो निघालं. आता कॅम्पिंगला लागतंच ते सामानही धरून मांडून बघू: तुम्ही चौघं मिळून साधारण २००, कॅनोपी ८०, ड्रॉवर ६५, छतावरचा तंबू ७०, बंपर आणि विंच १००, भरलेला फ्रिज ४०, दुसरी बॅटरी आणि वायरिंग ३०, पाणी ६०, हत्यारं आणि अडकलेली गाडी काढायचं सामान ४०, कपडे-अंथरुणं-शिधा-खुर्च्या ८०. झाले ७६५. लाइट बार अजून लागलेला नाही, आणि मुलांच्या सायकली तर कोणी धरल्याच नाहीत.

वजन जास्त झालं की ब्रेक उशिरा लागतो, टायर तापतात, मागचे पाटे बसतात. पण वजन किती यासोबत ते कुठे आहे हेही तितकंच महत्त्वाचं. डबल कॅबचा हौदा आखूड असतो आणि त्याचा बराचसा भाग मागच्या ॲक्सलच्याही मागे जातो. फाळक्याला टेकवून ठेवलेलं ओझं पुढची चाकं उचलायला बघतं. स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात. अशी गाडी खड्ड्यांतून आदळत गेली की कॅब आणि हौदा यांच्या मधोमध चेसिस वाकू शकते. म्हणून पाणी, बॅटरी, हत्यारं असं जड सामान कॅबच्या पाठीला लागून, तळाशी. मागे हलकं सामान. अंथरुणं आणि खुर्च्या मागे कुठेही कोंबा.

सगळं भरून, टाकी फुल करून, बायको-मुलांना बसवून एकदा वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, मग पूर्ण गाडीचं. वजाबाकी केली की मागच्या ॲक्सलवर किती येतंय तेही कळतं. ॲक्सलची मर्यादा वेगळी दिलेली असते, आणि एकूण वजन बसलं तरी मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

आता तुमच्या यादीकडे येतो. लिफ्ट सोडून द्या. लिफ्टने पेलोड एक किलोही वाढत नाही, आणि मागचा ॲक्सल अखंड असेल तर त्याच्या मधला गोळाही (डिफरन्शियल) जमिनीपासून तेवढाच राहतो. तो उचलायचा तर टायरच मोठे लागतात. सामान कायमचं चढवून ठेवणार असाल तर त्या वजनाला साजेसे पाटे आणि शॉक बसवा, पण सगळं बसवून काट्यावर वजन झाल्यावर. आधीच जाड पाटे टाकले तर रिकाम्या गाडीत मुलांची हाडं खिळखिळी होतील.

छतावरच्या तंबूबद्दल माझं मत जरा कडक आहे. चार वर्षांच्या मुलाला रात्री दोन वाजता शू लागते. तेव्हा पावसात ओल्या शिडीवरून त्याला काखोटीला मारून उतरणारे तुम्हीच असणार. शिवाय दुपारी गाडी घेऊन जवळच कुठे जायचं म्हटलं की घरच मोडावं लागतं. आडव्या उतारावर डोक्यावरचे सत्तर किलो लगेच जाणवतात. छताची मर्यादाही दोन प्रकारची असते. चालत्या गाडीसाठीची मर्यादा खूप कमी असते. उभ्या गाडीवर त्याहून बरंच वजन चालतं. विकणारा बहुतेक वेळा दुसरा आकडा सांगतो. मुलं लहान आहेत तोवर उभं राहता येईल असा जमिनीवरचा तंबू आणि गाडीच्या बाजूला ताडपत्रीची किंवा ऑनिंगची सावली, एवढं पुरतं.

पैसे टायरांवर घाला. चांगले ऑल-टेरेन टायर घ्या, त्यांचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) कंपनीच्या मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि स्टेपनी त्याच मापाची हवी. सोबत हवा मोजायचा गेज, बॅटरीवर चालणारा कंप्रेसर आणि पंक्चर काढायचा किट. कच्च्या रस्त्यावर हवा कमी केली की टायर पसरतो, पकड वाढते आणि आतल्या माणसांना बसणारे हादरे निम्म्यावर आल्यासारखे वाटतात. डांबरावर ३५ पीएसआय ठेवत असाल तर खडीवर २६ ते २८, मऊ वाळूत १६ ते १८ पासून सुरुवात करा. गाडी किती भरली आहे त्यावर थोडं वर-खाली होईल. हवा कमी म्हणजे वेगही कमी, आणि झटक्यात वळवायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. डांबरावर परतण्याआधी हवा भरायची, कारण कमी हवेच्या टायरची बाजू वेगात तापते आणि फाटते. हे काम सात वर्षांच्या मुलीला द्या. व्हॉल्व्हपाशी उकिडवं बसून, सूं आवाज ऐकत, काटा अठ्ठावीसवर आला की ओरडायचं. आमच्याकडे यावरून भांडणं होतात.

गाडी अडकली तर? विंचच्या आधी एक फावडं आणि चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या घ्या. फावड्याने चाकापुढची वाळू काढली, हवा आणखी थोडी सोडली, पट्ट्या सरकवल्या की बहुतेक वेळा गाडी निघते. दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली तर चेसिसला बोल्ट केलेल्या, वजनाची क्षमता लिहिलेल्या हुकांनाच दोर लावायचा. ट्रेलरच्या टो-बॉलला कधीही नाही. झटक्यात तो बॉल तुटतो आणि गोळीसारखा सुटतो. असे जीव गेले आहेत. दोर ताणला जाताना मुलं दोराच्या लांबीच्या किमान दीडपट लांब आणि बाजूला हवीत, ओढण्याच्या रेषेत नकोत. शक्यतो दोन गाड्यांनी जा. तसं जात असाल तर विंच आणि बंपर दोन्ही यादीतून काढा, शंभर किलो वाचले.

धुळीचं कोणी सांगत नाही. चालत्या पिकअपच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटींतून धूळ आत खेचली जाते. कॅनोपी कितीही महाग असो, पहिल्या मुक्कामाला उशीवर बोट फिरवलंत तर रेघ उठते. फाळक्याच्या चारी कडांना रबरी पट्टी लावा. त्यानंतर कॅनोपीच्या छतावर पुढच्या बाजूला जाळी-गाळणीचा व्हेंट बसवता आला तर आत दाब थोडा वाढतो आणि धूळ बाहेरच राहते. अंथरुणं तरीही झाकणाच्या पेटीतच ठेवा.

विजेचं थोडक्यात. चाळीस-पन्नास लिटरचा कंप्रेसर फ्रिज हवामानाप्रमाणे दिवसाला साधारण ३० ते ५० अँपिअर-तास खातो. लेड-ॲसिडची १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची असते. लिथियम आयर्न फॉस्फेटची जवळजवळ सगळी वापरता येते आणि वजनही निम्म्याच्या आसपास, पण ती इंजिनाशेजारी ठेवू नका, तिला उष्णता सोसत नाही. शून्याखालच्या थंडीत ती चार्जही करू नका. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा (इंजिनावर चालणाऱ्या जनरेटरचा) व्होल्टेज कॉम्प्युटर वर-खाली करतो, त्यामुळे तो आणि दुसरी बॅटरी यांच्यामध्ये योग्य व्होल्टेज देणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. वायर जाड घ्या आणि फ्यूज बॅटरीला अगदी लागून बसवा. फ्यूज दुसऱ्या टोकाला असेल तर मधली वायर घासून उघडी पडल्यावर आग लागायला काही अडत नाही. दोन रात्रींसाठी खरं तर बर्फाची चांगली पेटीही चालते.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, पिण्या-स्वयंपाकाचं. चौघांचे तीन दिवस म्हणजे ६० लिटर. एकाच टाकीत भरू नका. दहा-दहा लिटरचे कॅन घ्या, एक फुटला तर बाकीचे राहतात आणि बायकोलाही उचलता येतात. जादा इंधनाचा कॅन भरताना हौद्यातून खाली, जमिनीवर ठेवूनच भरायचा. प्लास्टिकच्या लायनरवर ठेवून भरला तर स्थिर वीज साठते, ठिणगी पडते. कॅबमध्ये इंधन नाही, गॅसची टाकी नाही, आणि तंबूत शेगडी किंवा निखारे अजिबात नाहीत, कितीही थंडी असो. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कॅबमध्ये मुलांच्या सीटा आयसोफिक्सला (गाडीच्या सीटमधल्या त्यासाठीच्या कड्यांना) नीट अडकलेल्या हव्यात आणि मागच्या काचेपाशी एकही सुटी वस्तू नको. हौद्यातलं सगळं पट्ट्यांनी करकचून बांधा.

ड्रॉवर सध्या नको. एकसारख्या चार-पाच झाकणाच्या पेट्या घ्या: एक स्वयंपाकाची, एक अंथरुणांची, एक हत्यारांची. अंधारात, पावसात पोचाल तेव्हा ताडपत्री, डोक्याला लावायचे दिवे आणि मुलांचा खाऊ फाळका उघडताच हाताला लागले पाहिजेत. तंबू त्यांच्या मागे. मुलांच्या पोटात काही गेलं की तुम्हाला तंबू उभारायला पाऊण तास मिळतो. पेट्यांची जागा एकदा पक्की झाली की त्याच मापाचे ड्रॉवर करायचे का ते ठरवा.

लाइट बार घेऊ नका. मुलं सोबत असताना अंधारात कच्ची वाट धरायचीच कशाला? दुपारी चारला मुक्काम ठरवा.

गाडीचं मॉडेल आणि दारावरच्या पट्टीवरचे आकडे इथे कमेंटमध्ये टाका, मग पाट्यांचं आणि टायरच्या मापाचं नेमकं सांगता येईल.