रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’ असूनही स्टॅफचा रक्तसंसर्ग हटत का नाही?

वडिलांच्या रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’ (म्हणजे जंतू औषधाला दाद देतो) लिहिलंय, तरी चौथ्या दिवशी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का, ही तपासणी) पॉझिटिव्हच, हे वाचून तुमची काळजी समजते. लॅबमधली चाचणी जोमाने वाढणाऱ्या जंतूंवर होते. शरीरात स्टॅफिलोकोकस ऑरियस (स्टॅफ) हा जंतू तसाच वागेल असं नाही. कॅथेटरवर (शिरेत घातलेल्या नळीवर), हृदयाच्या कृत्रिम झडपेवर किंवा हाडात तो चिकट थर धरतो, म्हणजे बायोफिल्म. त्या थरात काही जंतूंची वाढ जवळजवळ थांबते, आणि पेनिसिलिन कुळातली औषधं तर पेशीभित्तिका (पेशीभोवतीचं कवच) बांधत असलेल्या जंतूलाच मारतात. निपचित पडलेला जंतू जनुक न बदलताही वाचतो. हा रेझिस्टन्स, म्हणजे जनुकांमुळे औषधाला दाद न देणं, नव्हे.

एमआरएसएचं, म्हणजे पेनिसिलिन कुळातल्या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफचं, वेगळं. त्याच्या मेकए जनुकामुळे भित्तिका बांधणारं असं प्रथिन तयार होतं, ज्याला ही औषधं नीट चिकटतच नाहीत. तिथे व्हॅन्कोमायसिन किंवा डॅप्टोमायसिन लागतं. पण जंतू एमएसएसए (या औषधांना दाद देणारा स्टॅफ) असेल तर सहसा पेनिसिलिनसारखंच काम करणारं सेफाझोलिनच व्हॅन्कोमायसिनपेक्षा सरस ठरतं. कृपा करून ‘भारी’ औषधाचा आग्रह धरू नका.

डॉक्टरांना आजच विचारा: कॅथेटर काढला का, इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली का, मणक्यात किंवा कुठे खोलवर पू साठलाय का?