डाग टीबीचाच आहे, हे आधी सिद्ध होऊ द्या

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. वडील साठीचे, आयुष्यभर बिडी, खोकल्यातून रक्ताची रेघ, एक्सरेत डाव्या बाजूला डाग, थुंकी निगेटिव्ह, आणि तरी टीबीच्या गोळ्या. दोन महिने होऊन गेले तरी वजन उतरतंच आहे, आता आवाजही बसलाय. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. एसटीत चालक होते. फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले.

मी डॉक्टर नाही. तुमच्या वडिलांचा डाग खरंच टीबीचा असूही शकतो, आणि दोन्ही आजार एकत्रही असतात. म्हणून गोळ्या स्वतःहून अजिबात बंद करू नका. पण निदान कशावरून केलं, हे उद्याच विचारा.

माझ्या वडिलांना आमच्या तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्यात नुसता एक्सरे पाहून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. आपल्याकडे टीबी इतका आहे की डाग दिसला की पहिला संशय तिकडेच जातो, ते मी समजू शकतो. पण थुंकीत जंतू सापडत नाहीत, माणूस रोज खंगतोय, इतकी वर्षं बिडी ओढलेली आहे, आणि तरी दर वेळी एकच उत्तर, ‘कोर्स पूर्ण करा.’ सीटी स्कॅन करू का विचारलं तर म्हणे उगाच खर्च कशाला. दुसरीकडे दाखवायचं म्हणून कागद मागितले तर ते द्यायलाही टाळाटाळ. पुढे मोठ्या शहरात सीटी झाला, सुई घालून गाठीचा तुकडा काढला, तोवर आजार हाडांत पोचला होता. लवकर कळलं असतं तर ते वाचले असते असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण उपचाराचे जे महिने त्यांच्या हक्काचे होते ते त्या दवाखान्याने खाल्ले, हे मला आजही सहन होत नाही.

टीबीचं औषध लागू पडलं की काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, वजन सावरतं. तसं होत नसेल तर थांबून राहू नका. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) झाली नसेल तर सरकारी केंद्रात करून घ्या, तिथे ती फुकट होते. सोबत छातीचा सीटी, आणि गाठ दिसली तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. बसलेला आवाज घशाचा आहे असं समजून गुळण्या करत बसू नका. छातीतल्या डाव्या बाजूच्या गाठीने स्वरयंत्राची नस दाबली गेली तरी आवाज बसतो. जवळच्या मेडिकल कॉलेजचा छातीरोग विभाग गाठा. बायोप्सी झालीच तर रिपोर्टबरोबर तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तो ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. दुसऱ्या हॉस्पिटलात तेच आधी मागतात, आणि ते नसले तर पुन्हा सुई. सरकारी खर्चाने उपचार देणाऱ्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का, तेही आताच पाहून ठेवा.

‘आता सोडून काय उपयोग’ असं वडील म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. उपयोग आहे. टीबी असो की कॅन्सर, बिडी बंद केली तर उपचार जास्त चांगला लागू होतो. फक्त त्यांच्यावर ओरडू नका. आमच्या आईने शपथा घातल्या, बंडलं लपवली, भांडणं झाली. बिडी चालूच राहिली. ती सवय नाही, व्यसन आहे, आणि त्याला औषध आहे.

आणि तुम्ही स्वतः. ‘मी दिवसाला चार-पाचच ओढतो’ हे वाक्य मला वडिलांच्या दुखण्याइतकंच टोचलं. ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेला अभ्यास २००४ साली छापून आला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांची ती जवळपास सगळी वर्षं वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सुमारे सहा. ‘कमी करतो’ यावर माझा विश्वास नाही. टपरीवर सुटी सिगारेट मिळते तोवर कमी केलेलं परत वाढतं. महाराष्ट्रात सुटी विकायला २०२० पासून बंदी आहे, पण ती कुठे दिसते? तारीख ठरवा आणि पूर्ण बंद करा.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड, झोप नाही, डोकं जड. ते ओसरतं. निकोटिनचं च्युइंगम घेतलंत तर साध्या गमसारखं चघळत राहू नका. झणझणीत लागलं की गालात दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं तरी ते घेऊ नका, नाहीतर नीट शोषलं जात नाही आणि लोक म्हणतात गमने काही होत नाही. तुम्हाला हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी नंबर १८००-११-२३५६, फोन फुकट आहे. पाकिटावरच छापलेला असतो. वडिलांना शेजारी बसवून दोघांसाठी एकदमच लावा.